ज्वालामुखीचा उद्रेक आणि आपली हवा

प्रास्ताविक

पदवीच्या स्तरावर पर्यावरण अभ्यास हा विषय अनिवार्य झाला तेव्हापासून अनेक महाविद्यालयांत तो शिकविण्याची जबाबदारी भाषा, इतिहास किंवा वाणिज्य शाखेच्या प्राध्यापकांकडे येते. प्रदूषणाच्या प्रकरणात 'नैसर्गिक कारणे' असा एक उपमथळा असतो. त्याखाली ज्वालामुखी, वणवा, धुळीची वादळे अशी नावे येतात आणि दोन ओळींत विषय संपतो. ज्वालामुखीमुळे हवा नेमकी कशी बिघडते, किती दूरपर्यंत बिघडते, पृथ्वी त्यामुळे तापते की थंड होते, या प्रश्नांची उत्तरे विद्यार्थ्याला मिळत नाहीत. मग 'एक ज्वालामुखी फुटला तर माणसाच्या शंभर वर्षांच्या प्रदूषणापेक्षा जास्त धूर सोडतो' अशी विधाने वर्गात बिनदिक्कत केली जातात, आणि त्यांना उत्तर देणारे कोणी नसते.

प्रस्तुत लेखात हा विषय विज्ञान शाखेबाहेरच्या अध्यापकांनाही वर्गात मांडता येईल अशा रीतीने सांगण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी आइसलँडमधील लाकी (१७८३) आणि फिलिपिन्समधील पिनाटुबो (१९९१) या दोन उद्रेकांचा आधार मुख्यतः घेतला आहे.

शब्दांमुळे होणारा गैरसमज

आरंभ शब्दांपासून करणे सोयीचे ठरेल. संस्कृत-मराठीत 'ज्वालामुखी', म्हणजे जिच्या मुखात ज्वाळा आहेत ती. उर्दूत 'आतिशफिशाँ', म्हणजे आग उधळणारा. इंग्रजी शब्दाचे मूळ रोमन लोकांच्या अग्निदेवतेच्या नावात आहे. तिन्ही भाषांनी डोळ्यांना जे दिसले त्याला, म्हणजे आगीला, नाव दिले. हिमाचल प्रदेशातील ज्वालामुखी हे प्रसिद्ध मंदिर तर ज्वालामुखी पर्वतावर नाहीच. तेथे जमिनीतून येणारा नैसर्गिक वायू जळत असतो.

वस्तुतः ज्वालामुखीत काही 'जळत' नाही. लाकूड किंवा कोळसा जळतो तशी ती क्रिया नव्हे. खोल भूगर्भात वितळलेला खडक, म्हणजे शिलारस, वर येतो आणि त्याच्यात विरघळलेले वायू दाब कमी होताच बाहेर पडतात. सोडावॉटरच्या बाटलीचे झाकण उघडले की फेस उसळतो, तसाच हा प्रकार आहे. म्हणून वर उठणारा काळा लोट हा 'धूर' नव्हे आणि खाली पडणारी 'राख' ही चुलीतली राख नव्हे. ती खडकाची व काचेची अतिबारीक, धारदार भुकटी असते. शास्त्रीय परिभाषेत २ मिलिमीटरपेक्षा लहान कणांना ज्वालामुखी राख म्हणतात. चुलीतली राख पाण्यात कालवली की मऊ होते. ही राख भिजली की जड होते आणि वाळली की घट्ट बसते. एवढा एक फरक विद्यार्थ्यांना समजला तरी पुढचे बरेचसे सोपे होते.

उद्रेकातून हवेत काय मिसळते

उद्रेकातून बाहेर पडणाऱ्या वायूंमध्ये सर्वांत मोठा वाटा पाण्याच्या वाफेचा असतो. त्यानंतर कार्बन डायऑक्साइड आणि सल्फर डायऑक्साइड यांचा क्रम लागतो. थोड्या प्रमाणात हायड्रोजन सल्फाइड, हायड्रोजन क्लोराइड आणि हायड्रोजन फ्लोराइड हे वायूही असतात. प्रत्येकाचा परिणाम निराळा असतो.

राखेचे मोठे कण काही तासांत किंवा काही दिवसांत खाली बसतात. त्यांचा त्रास मुख्यतः जवळच्या प्रदेशाला होतो. श्वसनाचे विकार बळावतात, पाणवठे गढूळ होतात, पिके गाडली जातात आणि छपरे कोसळतात. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने क्वचित खोलगट भागात साचून जीव घेतो. कॅमेरून देशातील न्योस या ज्वालामुखीय सरोवरातून २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री हा वायू एकाएकी बाहेर पडला आणि सुमारे १७०० माणसे झोपेतच गुदमरून मेली. तेथे आगही नव्हती आणि लाव्हाही नव्हता.

साऱ्या पृथ्वीच्या दृष्टीने मात्र सर्वांत महत्त्वाचा वायू म्हणजे सल्फर डायऑक्साइड. तो बाष्पाशी संयोग पावून गंधकाम्लाचे सूक्ष्म थेंब तयार करतो. हे थेंब कोठे तयार होतात यावर पुढचे सर्व अवलंबून असते. आपण ज्यात राहतो आणि ज्यात ढग व पाऊस तयार होतो, त्या तपांबरात ते असतील, तर काही दिवस किंवा आठवड्यांत पावसाबरोबर आम्लवर्षेच्या रूपाने खाली येतात. त्याच्या वरच्या स्थितांबरात ते पोहोचले, तर तेथे त्यांना धुऊन काढणारा पाऊस नसतो. मग ते एक ते तीन वर्षे तरंगत राहतात, वाऱ्याबरोबर पृथ्वीभर पसरतात आणि सूर्यप्रकाशाचा काही भाग परत अवकाशात पाठवितात. दोन्ही थरांमधील सीमा विषुववृत्ताजवळ सुमारे १६ ते १८ किलोमीटर उंचीवर आणि ध्रुवांकडे सुमारे ८ ते १० किलोमीटरवर असते. तेव्हा उद्रेक किती भयंकर दिसला यापेक्षा त्याने किती गंधक, किती उंचीवर नेऊन सोडला हे पाहावे लागते.

लाकी, १७८३ : विषारी धुक्याचे वर्ष

८ जून १७८३ रोजी आइसलँडच्या दक्षिण भागात सुमारे २७ किलोमीटर लांबीची भेग उघडली. तिच्यावरील शंभराहून अधिक मुखांतून फेब्रुवारी १७८४ पर्यंत, म्हणजे तब्बल आठ महिने, लाव्हा व वायू बाहेर पडत राहिले. आकाश फाडणारा एकच मोठा स्फोट असा हा उद्रेक नव्हता. तो रेंगाळत चालला आणि म्हणूनच अधिक घातक ठरला. या काळात सुमारे १२ कोटी टन सल्फर डायऑक्साइड हवेत मिसळला, असा अंदाज आहे.

आइसलँडमध्ये लाव्हाखाली सापडून मेलेल्यांपेक्षा नंतर मेलेल्यांची संख्या कितीतरी मोठी आहे. हायड्रोजन फ्लोराइड राखेच्या कणांना चिकटून गवतावर बसला. ते गवत गुरांनी आणि मेंढ्यांनी खाल्ले. त्यांच्या हाडांवर गाठी आल्या, दात बिघडले, चरणे अशक्य झाले. बेटावरील जवळजवळ ८० टक्के मेंढ्या आणि निम्मी गुरे व घोडे दगावले. ज्या समाजाचे जगणेच दूध, लोकर आणि मांस यांवर होते, तेथे मग दुष्काळ अटळ होता. सुमारे ५० हजार लोकवस्तीपैकी पाचवा हिस्सा पुढच्या दोन-तीन वर्षांत मृत्युमुखी पडला. आइसलँडच्या इतिहासात हा काळ 'धुक्याचे हाल' या अर्थाच्या नावाने ओळखला जातो. योन स्टाइनग्रिमसन या तेथील धर्मोपदेशकाने त्या दिवसांची बारकाईने नोंद करून ठेवली, म्हणून आज हा तपशील उपलब्ध आहे.

फ्लोराइडचा हा परिणाम आपल्या वाचकांना अगदीच परका नाही. तेलंगणातील नलगोंडा जिल्ह्यात भूजलातील फ्लोराइडमुळे वाकलेली हाडे आणि डागाळलेले दात हैदराबादकडील अध्यापकांनी पाहिलेले असतील. तेथे कारण ज्वालामुखी नसून पाण्यात उतरणारी खडकांतील द्रव्ये आहेत. तथापि शरीरावर होणारा आघात त्याच जातीचा आहे. वर्गात हे उदाहरण दिल्यास आइसलँड फारसे दूर वाटणार नाही.

लाकीचे धुके जूनच्या अखेरपर्यंत युरोपभर पसरले. सूर्य दुपारीही निस्तेज दिसे. डोळे चुरचुरत, श्वास लागे, झाडांची पाने करपत. इंग्लंडमधील चर्चच्या दफनाच्या नोंदींत त्या उन्हाळ्यात आणि पुढच्या हिवाळ्यात मृत्यूंचे प्रमाण नेहमीपेक्षा स्पष्टपणे वाढलेले आढळते. पुढचा हिवाळा युरोप व उत्तर अमेरिकेत अतिशय कडक गेला. त्या वेळी पॅरिसमध्ये असलेल्या बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७८४ मध्ये या 'कोरड्या धुक्या'चा आणि थंडीचा संबंध असावा अशी शक्यता मांडली आणि आइसलँडच्या ज्वालामुखीकडे बोट दाखविले. उपग्रह किंवा रासायनिक प्रयोगशाळा हाताशी नसताना केलेला तो तर्क होता, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

नाईलचे पाणी आणि उत्तर हिंदुस्थानातील 'चालीसा'

लाकीची कथा युरोपपाशी थांबत नाही. १७८३ व १७८४ या दोन्ही वर्षी नाईल नदीला नेहमीचा पूर आला नाही. इजिप्तमध्ये भीषण दुष्काळ पडला. व्होल्नी या फ्रेंच प्रवाशाने लिहून ठेवल्याप्रमाणे, १७८५ पर्यंत त्या देशाने आपल्या लोकसंख्येचा सहावा हिस्सा मृत्यूमुळे किंवा स्थलांतरामुळे गमावला.

याच वेळी उत्तर हिंदुस्थानात दिल्ली, पंजाब, राजपुताना, अवध या पट्ट्यात मोठा दुष्काळ पडला. विक्रम संवत १८४० मध्ये तो आला म्हणून लोकांनी त्याला 'चालीसा' हे नाव दिले. महादजी शिंदे उत्तरेत आपले आसन बळकट करीत होते तो हाच काळ. १७८४ च्या अखेरीस बादशाह शाह आलम यांनी त्यांना वकील-ए-मुतलक केले, तेव्हा भोवतालचा मुलूख दुष्काळाने पिचलेला होता.

आइसलँडमधील उद्रेक आणि नाईल किंवा गंगा-यमुनेचा प्रदेश यांचा संबंध कसा लागतो? मोसमी पाऊस हा जमीन आणि समुद्र यांच्या तापमानातील फरकावर चालतो. उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा अधिक तापते आणि समुद्रावरील बाष्पयुक्त वारे तिच्याकडे ओढले जातात. उत्तर गोलार्धावर गंधकाम्लाच्या थेंबांचा पडदा पसरला की जमीन कमी तापते, फरक कमी होतो आणि वाऱ्यांचा जोर ओसरतो. ल्यूक ओमान, ॲलन रोबॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संगणकीय प्रतिमानांच्या साहाय्याने २००६ मध्ये दाखविले की लाकीसारख्या उत्तरेकडील मोठ्या उद्रेकानंतर आफ्रिकेतील व आशियातील मोसमी पाऊस क्षीण होतो.

येथे मात्र संयम आवश्यक आहे. चालीसाचे सारे खापर लाकीवर फोडणे शास्त्राला धरून होणार नाही. त्या सुमारास प्रशांत महासागरातील एल् निनोही सक्रिय असावा, असे अभ्यासक मानतात. शिवाय अवर्षणाचा दुष्काळ होतो तो युद्ध, सारा आणि धान्याची वाहतूक यांमुळे. तेव्हा 'लाकीमुळे चालीसा पडला' असे न म्हणता 'लाकीमुळे मोसमी पाऊस दुबळा होण्यास हातभार लागला असण्याची शक्यता आहे' असे म्हणावे. इतिहासाच्या अध्यापकांना हा भेद नव्याने सांगायला नको.

पिनाटुबो, १९९१ : मोजला गेलेला उद्रेक

लाकीच्या बाबतीत आपण जुन्या नोंदींवर आणि ध्रुवीय बर्फात अडकलेल्या गंधकावर विसंबून असतो. पिनाटुबोच्या वेळी उपग्रह आकाशात होते. १५ जून १९९१ रोजी फिलिपिन्सच्या लुझॉन बेटावरील या पर्वताचा मुख्य उद्रेक झाला. लोट सुमारे ३५ किलोमीटर उंच गेला आणि १.५ ते २ कोटी टन सल्फर डायऑक्साइड स्थितांबरात पोहोचला. आधीच धोक्याची सूचना मिळाल्यामुळे हजारो लोकांना हलविता आले आणि फार मोठी प्राणहानी टळली. परंतु त्याच दिवशी चक्रीवादळ आले. पावसाने भिजलेल्या राखेच्या भाराने छपरे कोसळली आणि त्यांखाली अनेक माणसे दगावली.

तीन आठवड्यांच्या आत गंधकाम्लाच्या थेंबांचा पट्टा पृथ्वीभोवती फिरून आला आणि वर्षभरात तो जवळजवळ सर्व अक्षांशांवर पसरला. अमेरिकेतील जेम्स हॅन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ च्या आरंभीच प्रसिद्ध केलेल्या निबंधात पृथ्वीचे सरासरी तापमान सुमारे अर्धा अंश सेल्सिअसने उतरेल असे भाकीत केले. १९९२ मध्ये प्रत्यक्षात जवळपास तेवढीच घट नोंदली गेली आणि नंतर थेंब खाली येत गेले तसे तापमान पूर्ववत चढू लागले. हवामानाची संगणकीय प्रतिमाने भरवशाची आहेत काय, या प्रश्नाला निसर्गानेच घेतलेली ही परीक्षा होती, आणि तिच्यात ती उत्तीर्ण झाली.

पिनाटुबोने आणखी एक गोष्ट शिकविली. स्थितांबरातील या थेंबांच्या पृष्ठभागावर अशा रासायनिक क्रिया घडतात की माणसाने सोडलेल्या क्लोरोफ्लुरोकार्बनमधील क्लोरीन अधिक कार्यक्षमतेने ओझोन नष्ट करू लागतो. उद्रेकानंतरच्या दोन वर्षांत ओझोनची घट वाढली ती यामुळे. याचा अर्थ असा, की निसर्ग आणि माणूस यांचे परिणाम वेगवेगळ्या कप्प्यांत राहत नाहीत. एकाने केलेली हानी दुसरा वाढवू शकतो.

प्रत्येक मोठा उद्रेक पृथ्वी थंड करतोच असेही नाही. १५ जानेवारी २०२२ रोजी प्रशांत महासागरात टोंगा देशाजवळ समुद्राखालील हुंगा ज्वालामुखी फुटला. त्याचा लोट सुमारे ५७ किलोमीटर उंच गेला, पण त्यात गंधक तुलनेने थोडा होता आणि समुद्राचे पाणी अफाट होते. सुमारे १५ कोटी टन वाफ वरच्या थरात गेली आणि स्थितांबरातील एकूण बाष्प जवळजवळ १० टक्क्यांनी वाढले. वरच्या थरात बाष्पाची अशी भर याआधी कधी मोजली गेली नव्हती.

'ज्वालामुखीच अधिक दोषी' हा युक्तिवाद

आता प्रारंभी उल्लेखिलेल्या विधानाकडे वळू. जमिनीवरील व समुद्राखालील सर्व ज्वालामुखी मिळून वर्षाला सुमारे ३० ते ४० कोटी टन कार्बन डायऑक्साइड सोडतात, असे अंदाज आहेत. कोळसा, तेल व वायू जाळून आणि सिमेंट तयार करून माणूस सध्या वर्षाला सुमारे ३७०० कोटी टन सोडतो. म्हणजे ज्वालामुखींचा वाटा माणसाच्या सुमारे शंभराव्या हिश्श्याइतका आहे. पिनाटुबोसारख्या प्रचंड उद्रेकातून सुमारे ५ कोटी टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडला. आजच्या गतीने मानवजात तेवढा वायू सुमारे बारा तासांत सोडते.

दुसरी गोष्ट अशी, की तापमानवाढ ज्वालामुखींमुळे होत असती, तर मोठ्या उद्रेकानंतर पृथ्वी तापलेली दिसली असती. पिनाटुबोनंतर ती निवली. तेव्हा हा युक्तिवाद आकड्यांतही टिकत नाही आणि अनुभवातही टिकत नाही. विद्यार्थ्यांपुढे ही दोन वाक्ये ठेवली तरी पुरे.

मग ज्वालामुखीची नक्कल करून पृथ्वी थंड करता येईल काय? ओझोनविषयक संशोधनासाठी १९९५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळविणारे पॉल क्रुट्झेन यांनी २००६ मध्ये स्थितांबरात गंधक सोडण्याच्या कल्पनेवर गंभीर चर्चा सुरू केली. कार्बन उत्सर्जन कमी करण्याला तो पर्याय नाही, हे त्यांनी स्वतःच नमूद केले होते. ज्यांची शेती मोसमी पावसावर अवलंबून आहे, त्यांनी या कल्पनेकडे लाकीच्या अनुभवाच्या चष्म्यातून पाहिले पाहिजे. तापमान उतरले आणि पाऊसही उतरला, तर त्याची किंमत कोण मोजणार, हा प्रश्न केवळ शास्त्रज्ञांचा नाही.

आपल्या अगदी जवळचे संदर्भ

२३ नोव्हेंबर २०२५ रोजी इथिओपियाच्या अफार भागातील हायली गुब्बी हा ज्वालामुखी फुटला. गेल्या दहा हजार वर्षांत त्याच्या उद्रेकाची नोंद नव्हती. त्याची राख तांबडा समुद्र, येमेन, ओमान आणि अरबी समुद्र ओलांडून दुसऱ्याच दिवशी वायव्य भारतावर आली आणि काही विमान कंपन्यांना उड्डाणे रद्द करावी लागली. राख बऱ्याच उंचीवरून गेल्याने जमिनीवरील हवेवर तिचा विशेष परिणाम झाला नाही. विमानाला मात्र ती अपायकारक असते, कारण राखेतील काच इंजिनाच्या उष्णतेने वितळते आणि आतील पात्यांवर थिजते. २४ जून १९८२ रोजी इंडोनेशियातील गालुंगगुंगच्या राखेत शिरलेल्या एका प्रवासी विमानाची चारही इंजिने बंद पडली होती. वैमानिकांनी ती पुन्हा सुरू केली आणि विमान जकार्ताला सुखरूप उतरविले.

भारताचा स्वतःचा जागृत ज्वालामुखी म्हणजे अंदमानातील बॅरन बेट. १९९१ पासून तो अधूनमधून सक्रिय होत असतो. आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या पायाखाली तर एक जुनाच ज्वालामुखी आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरून दख्खनचे पठार तयार झाले. इंदूरचे माळवा पठार, सह्याद्रीचे काळे कडे आणि कापसाची काळी जमीन ही सारी त्याचीच निर्मिती आहे. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्या खडकाने व्यापलेला आहे. त्याच काळात डायनोसॉर नष्ट झाले. त्यात मेक्सिकोजवळ आदळलेल्या अशनीचा वाटा किती आणि दख्खनच्या वायूंचा किती, याविषयी संशोधकांत अद्याप चर्चा चालू आहे. जो उद्रेक एका काळी हवा विषारी करतो तोच पुढे सुपीक माती देतो, हेही विद्यार्थ्यांना सांगावे. अर्थात त्या दोन्हींच्या मध्ये लाखो वर्षांचे अंतर आहे, हे सांगायला विसरू नये.

वर्गासाठी एक साधा प्रयोग

काचेच्या उभ्या पेल्यात पाणी घेऊन त्यात दुधाचे काही थेंब टाकावेत आणि अंधाऱ्या खोलीत एका बाजूने विजेरीचा प्रकाश सोडावा. बाजूने पाहिल्यास पाणी किंचित निळसर दिसते, तर समोरून पाहिल्यास विजेरीचा दिवा पिवळसर-तांबूस दिसतो. दुधाचे सूक्ष्म कण प्रकाश विखुरतात आणि पलीकडे पोहोचणारा प्रकाश कमी होतो. स्थितांबरातील थेंब हेच करतात. १८८३ मध्ये इंडोनेशियातील क्राकाटोआ फुटल्यानंतर जगभर संध्याकाळी आकाश विलक्षण लाल दिसू लागले, आणि सप्टेंबर महिन्यात मद्रास व श्रीलंकेत सूर्य चक्क हिरवट दिसल्याच्या नोंदी आहेत. त्यामागे हेच विखुरणे होते, मात्र कणांच्या आकाराप्रमाणे रंग बदलला.

समारोप

ज्वालामुखीचा उद्रेक ज्या डोंगरावर होतो त्या डोंगरापुरता तो राहत नाही. आइसलँडमधील गवतावर बसलेले विष, पॅरिसचे निस्तेज ऊन, नाईलचे आटलेले पाणी आणि कदाचित यमुनाकाठचा दुष्काळ हे एकाच हवेने जोडलेले आहेत. हवेला सरहद्द नसते, हे वाक्य आपण पर्यावरणाच्या तासाला नेहमी उच्चारतो. लाकी आणि पिनाटुबो ही त्या वाक्याची प्रमाणे आहेत.

ज्वालामुखी रोखणे माणसाच्या हाती नाही. पुढील मोठ्या उद्रेकानंतर पाऊस कमी पडला तर धान्य कोठे साठवावे, पाणी कसे पुरवावे आणि गरिबांपर्यंत ते कसे पोहोचवावे, हे मात्र त्याच्या हाती आहे. १७८३ मध्ये मेलेल्यांपैकी बहुतेकांना लाव्हाने स्पर्शही केला नव्हता. ते उपासमारीने आणि रोगाने मेले. पर्यावरण अभ्यासाच्या तासाला विद्यार्थ्यांनी ही एक गोष्ट जरी नीट समजून घेतली, तरी तो तास सत्कारणी लागला असे म्हणता येईल.